खोक्यातल्या वाघिणी

मालगाडीच्या डब्याला मराठी वर्तमानपत्रांत 'वाघीण' म्हणतात. मूळ शब्द 'वॅगन', पण कुणाच्या तरी तोंडी त्याची वाघीण झाली आणि झालं ते बरंच झालं. "मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या" अशी बातमी लहानपणी वाचली की डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहायचं ते आठवून अजून हसू येतं. आज ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या वाघिणी मात्र वितीपेक्षा लहान आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा पुठ्ठ्याच्या खोक्यांत सुट्या तुकड्यांच्या रूपात पडून आहेत. घसरायला त्या अजून रुळांवरच आलेल्या नाहीत.

नातेवाइकांपैकी बहुतेकांना माझा हा उद्योग माहीत आहे. हा माणूस रात्री अकरापर्यंत तळघरात काय करतो, तर रेल्वेचे डबे करतो. (यावर सौ.चं मत काय, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या १९२० ते १९५० या काळातल्या मालडब्यांच्या प्रतिकृती, एचओ मापात, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, त्या हिशेबाने चाळीस फुटी डबा साडेपाच इंचांचा. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे माप ओळखीचं वाटेल, तिथल्या गाड्या याच मापाच्या आहेत.

हे डबे मी तयार आणत नाही, रेझिनच्या किटपासून जोडतो. आणि या छंदाबद्दल गेल्या वर्षभरात माझं एक मत पक्कं झालंय, ते आज मांडतो. किट जोडायचा नसेल तर घेऊ नये, आणि घेतलाच असेल तर 'निवृत्तीनंतर निवांत बघू' म्हणून ठेवून देऊ नये. आमच्या छंदातल्या निम्म्याहून जास्त मंडळींना हे आवडणार नाही याची कल्पना आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

आधी रेझिनचा किट म्हणजे काय ते. पेणचे गणपतीचे कारखाने पाहिले असतील तर अर्धं काम झालंच. तिथे आधी एक मूळ मूर्ती घडवतात, तिच्यावरून रबरी साचा काढतात आणि साच्यात प्लास्टर ओततात. इथे गणपतीच्या जागी डबा. कुणीतरी हौशी कारागीर प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांतून एक मूळ नमुना तयार करतो. जुने फोटो आणि कारखान्याचे नकाशे समोर ठेवून एकेक रिव्हेट, एकेक फळी बसवतो. त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा होतो. त्यात दोन द्रव एकत्र करून ओतायचे, काही मिनिटांत पॉलियुरेथेन रेझिन घट्ट होतं, की साच्यातून सोडवून घ्यायचं. रबर इतकं बारीक टिपतं की लाकडाच्या रेषा, रिव्हेटची डोकी, आणि कारागीर बेसावध असेल तर त्याच्या बोटाचा ठसासुद्धा उमटतो.

हा सगळा कारभार बहुधा एकट्या माणसाचा, फार तर नवरा-बायकोचा, गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात. साचा काही डझन नग निघेपर्यंत टिकतो, मग कडा फाटायला लागतात आणि नवा करावा लागतो. म्हणजे उत्पादन थोडं, किंमत जास्त, आणि मालक थकला की दुकान बंद.

मग मोठ्या कंपन्या हे का करत नाहीत? कारण प्लास्टिकचे डबे ज्या पोलादी साच्यांतून निघतात ते साचे फार महाग असतात. हजारो प्रती खपल्याशिवाय त्यांचा खर्च निघत नाही. त्यामुळे जे खूप खपेल तेच त्या काढणार. अमुक रेल्वेने तमुक साली बांधलेल्या, दरवाजा थोडा वेगळा असलेल्या पाचशे डब्यांचं मॉडेल हवं असेल तर रेझिनला पर्याय नव्हता. वेस्टरफील्ड, सनशाइन, फुनारो अँड कॅमरलेंगो ही नावं आमच्यात गायकीच्या घराण्यांसारखी घेतली जातात. कोण काय बारकाईने करतो, कुणाची रेषा स्वच्छ, यावर तासन् तास वाद झडतात.

खोकं उघडलं की आत काय असतं? फिकट पिवळट किंवा राखाडी रंगाचे चपटे तुकडे, दोन बाजू, दोन टोकं, छप्पर, तळ. कडांना पापडासारखा पातळ पापुद्रा. एका पिशवीत मुगाएवढे बारीक भाग, थोडी तार, अक्षरं उमटवायचे डिकल आणि काही छापील कागद. चाकं आणि कपलिंग बहुधा आपली आपण आणायची. कागदांची मजा अशी की त्यात जोडायच्या कृतीच्या आधी डब्याचा इतिहास असतो. कुणी बांधला, किती बांधले, कुठले नंबर, कुठल्या साली ब्रेक बदलले, कधी रंग बदलला. कधीकधी कृती एक पान आणि इतिहास तीन पानं.

आता काम. आधी सगळे तुकडे साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून पापुद्रा घासून काढायचा, तोही ओला करून, कारण रेझिनची धूळ छातीला वाईट. (मास्क लावाच.) प्लास्टिकला चालणारा गोंद इथे चालत नाही, तो रेझिनला विरघळवू शकत नाही. आपल्या फेविक्विकसारखा गोंद लागतो, आणि तो विचार करायला वेळ देत नाही. चार भिंती काटकोनात उभ्या करायच्या. तळ बंद करण्याआधी आत वजन घालायचं. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन म्हणून १९३५ पासूनची संस्था आहे, तिचा हिशेब असा की मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे आपल्या साडेपाच इंची वाघिणीला पावणेचार औंस, साधारण १०६ ग्रॅम. यापेक्षा हलकी असेल तर वळणावर खरोखरच घसरते.

मग येतात शिड्या आणि हाताने धरायच्या कड्या. जुन्या काळी ब्रेक लावणारा माणूस चालत्या गाडीच्या छपरावरून चालत जायचा, त्यासाठी छपरावर फळ्या आणि टोकाला हँडब्रेकचं चाक. वर चढायला कड्या. एका डब्याला अशा वीस-पंचवीस. प्रत्येकीला दोन भोकं, ८० नंबरच्या ड्रिलने, म्हणजे ०.३४ मिलिमीटर. हे ड्रिल शिंकलं तरी मोडतं. भोकांत वाकवलेली पितळी तार बसवायची, मागून थेंबभर गोंद. पहिल्या चार कड्यांना वाटतं की हे वेड्यांचं काम आहे. दहाव्या कडीनंतर हात आपोआप चालायला लागतो आणि डोकं शांत होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर दिवसभराच्या मीटिंगांनंतर इतकं शांत मला दुसऱ्या कशाने वाटत नाही.

सगळ्यात मला आवडतं ते डब्याच्या पोटाखालचं काम. इथे अण्णांची आठवण निघते. अण्णा दौंडला टीएक्सआर होते. गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन चाकं वाजवत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, ते खातं. त्यांच्याकडचे ब्रेक व्हॅक्यूमचे, इथले हवेच्या दाबाचे. १९३३ पासून इथल्या नव्या मालडब्यांना 'एबी' पद्धतीचे ब्रेक आले. तळाखाली तीन मुख्य वस्तू: हवेची टाकी, झडप आणि सिलिंडर. त्यांना जोडणाऱ्या नळ्या, आणि सिलिंडरपासून दोन्ही बोग्यांपर्यंत जाणारे दांडे आणि तरफा. त्याआधीचे 'के' ब्रेक असलेले डबे १९५३ नंतर एका रेल्वेकडून दुसऱ्या रेल्वेकडे पाठवायला बंदी झाली. म्हणजे डब्याच्या पोटाखाली पाहून साल सांगता येतं. हे सगळं मी तारेतून करतो. डबा रुळावर ठेवला की यातलं काहीच दिसत नाही. "मग करता कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. माझं उत्तर असं की केल्यामुळे मला डबा थांबतो कसा हे कळलं. अण्णा जे तोंडाने सांगायचे आणि मी "हो हो" म्हणायचो, ते मला पन्नाशीत तार वाकवताना कळलं.

आता जरा मोठा मुद्दा. या छंदात डबाच का, इंजिन का नाही?

इंजिनांची काळजी घ्यायला जग आहे. इथे पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्गला रेल्वेचं मोठं म्युझियम आहे, तिथे गर्दी इंजिनांपुढे. ते साहजिकच आहे. पण रेल्वेने पैसा मिळवला तो या रंग उडालेल्या डब्यांनी. १९२० च्या दशकात अमेरिकेत वीस लाखांहून जास्त मालडबे होते. पहिल्या महायुद्धात सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या तेव्हा एकाच फेरीत सुमारे एक लाख डबे मागवले. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा एक्स-२९ नावाचा पोलादी डबा सुमारे तीस हजार बांधला गेला. हे डबे आपापल्या रेल्वेपुरते राहत नसत, माल जाईल तिथे जात. कॅलिफोर्नियाची संत्री बर्फाच्या डब्यातून न्यूयॉर्कला यायची. त्या डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाच्या खोल्या, छपराच्या चारी कोपऱ्यांना झाकणं, आणि वाटेत ठिकठिकाणी वरून बर्फ भरायची सोय. एका देशाचं जेवणखाण, कोळसा, लाकूड, कापड सगळं यातून गेलं. आणि काम संपल्यावर काय झालं? लाकडी डबे चक्क जाळून टाकत, उरलेलं लोखंड भंगारात. फोटो काढणाऱ्यांनी फोटो काढले ते इंजिनांचे, डबा त्यात चुकून आला तर आला.

म्हणून हे किट करणारे लोक मला मोठे वाटतात. रेल्वेच्या जुन्या नोंदवहीत डब्यांचे नंबर, लांबी-रुंदी सापडते, तेव्हाच्या व्यावसायिक ग्रंथांत नकाशे सापडतात, आणि इंजिनाच्या फोटोच्या कोपऱ्यात डब्याचं एक टोक सापडतं. यावरून एक सामान्य वस्तू परत उभी करायची. डब्यावर त्याचं रिकामं वजन आणि ते कधी, कुठे मोजलं याची तारीखसुद्धा रंगवलेली असायची. आपल्याकडे ओव्हरहॉलची तारीख लिहितात तसंच. चांगला किट ती अर्धा मिलिमीटर उंचीची तारीखही देतो.

आता दुखऱ्या जागेकडे येतो.

आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ सभासद गेल्या वर्षी गेले. मला तार वाकवायला त्यांनीच शिकवलं होतं. महिन्याभराने त्यांच्या पत्नीने आम्हा तिघांना घरी बोलावलं. "तळघरात काय काय आहे ते मला कळत नाही, तुम्ही बघा," म्हणाल्या. तळघरात दोन भिंती भरून कपाटं होती आणि कपाटांत न उघडलेले किट. आम्ही यादी केली. दोनशे चौदा. त्यातले बरेच अशा कारागिरांचे की जे आता काम करत नाहीत. प्रत्येक खोक्यावर घेतल्याची तारीख त्यांच्या सुवाच्य अक्षरात. शेल्फवर जोडून पूर्ण झालेले डबे होते एकतीस.

त्या एकतीस डब्यांबद्दल आम्ही तिघंही बोलत सुटलो. हा त्यांनी अमुक साली केला, याच्या छपरासाठी त्यांना तीनदा रंग काढावा लागला, हा त्यांच्या आजोबांच्या गावच्या रेल्वेचा. त्यांच्या पत्नी ऐकत होत्या. मग त्यांनी कपाटांकडे हात करून विचारलं, "आणि यातला त्याचा सगळ्यात आवडता कुठला होता?"

आम्हा तिघांपैकी कुणालाही उत्तर देता आलं नाही. खोक्यांबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पुढे ते किट एका संमेलनात टेबल मांडून विकले. चांगली किंमत आली, त्यांच्या पत्नीला मदत झाली, हे चांगलं झालं. पण घेणारे कोण? आमच्यासारखेच, साठीच्या आसपासचे, ज्यांच्या घरी आधीच कपाटं भरलेली आहेत. दोनशे चौदा खोकी एका तळघरातून निघून दहा-बारा तळघरांत गेली. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

साठवणाऱ्यांची बाजू मला माहीत आहे, आणि ती कच्ची नाही. पहिली गोष्ट, किट थोडेच निघतात. आज घेतला नाही तर साचा फाटेल, माणूस थकेल, मग कुठून मिळणार? त्यामुळे एकेकट्याच्या दृष्टीने घेऊन ठेवणं शहाणपणाचंच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोकांनी जोडण्यापुरतेच किट घेतले असते तर हे एकट्यादुकट्याचे उद्योग दोन वर्षांत बंद पडले असते. वर्षाला एक डबा पुरा करणाऱ्या माणसाच्या भरवशावर कुणी पोट भरू शकत नाही. वर्षाला बारा घेऊन एक जोडणाऱ्यांनीच या कारागिरांना जगवलं, आणि त्यामुळेच इतक्या वेगवेगळ्या डब्यांचे नमुने झाले. हे खरं आहे. त्या दोनशे चौदा खोक्यांचे पैसे कुठल्यातरी कारागिराच्या घरी पोचले होते, ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

पण पैसा पोचला, पुढे काय? मूळ नमुने करणारे हे कारागीर आले कुठून? ते आधी किट जोडणारे होते. दुसऱ्याचे किट जोडता जोडता त्यांच्या लक्षात आलं की हा कोपरा असा असायला नको, ही शिडी अशी घडवली तर जास्त चांगली दिसेल, आणि आपल्या आवडीचा डबा कुणीच काढत नाही. त्यातून त्यांनी पहिला नमुना केला. नमुना करायची अक्कल हातांतून येते. जोडणारे हात कमी झाले तर पुढचा कारागीर कुठून येणार? शिवाय किटमधली चूक, कृतीतला गोंधळ हे जोडल्याशिवाय कळत नाही. न उघडलेल्या खोक्याबद्दल तक्रारही येत नाही आणि सुधारणाही होत नाही. साठवणाऱ्यांनी उद्योग जगवला, पण विद्या जगवली ती जोडणाऱ्यांनी. दोन्ही लागतात हे मान्य, फक्त सध्या एक बाजू फार जड झाली आहे.

आणि 'निवृत्तीनंतर' या शब्दाबद्दल काय सांगावं! आपल्याकडे जवळचं वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नाही. ०.३४ मिलिमीटरचं भोक पाडायला पंचेचाळिशीत भिंग लागतं, साठीनंतर हात स्थिर राहील याची खात्री नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळेल हे खरं, पण हा छंद वेळेइतकाच डोळे आणि बोटं मागतो. या गोष्टी उलट्या दिशेने चालतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळाल्या तरी तीन-चार महिन्यांत एक डबा होतो. मला एका डब्याला पंचवीस ते तीस तास लागतात. हे तास आजच्या डोळ्यांनी घालवलेले बरे.

आपल्या घरांत हे नवं नाही. आईची एक पैठणी होती, 'चांगल्या कार्याला' म्हणून ठेवलेली. कार्यं झाली, पण प्रत्येक वेळी पुढचं कार्य जास्त चांगलं असणार होतं. शेवटी काढली तेव्हा घडीवर विरली होती. बहिणीने तिच्या काठांची उशीची अभ्रं केली. निदान ती वापरात आहेत. रेझिनही असंच बरं का. पातळ छप्पर वर्षानुवर्षं खोक्यात तिरकं पडून राहिलं की वाकतं. गरम पाण्यात टाकून सरळ करता येतं बऱ्याचदा, पण ते करायला खोकं आधी उघडावं लागतं.

इथे एक गैरसमज नको. तयार मॉडेल घेणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. आजकाल कारखान्यातून येणारे तयार डबे इतके सुंदर असतात की माझ्या हातच्या डब्यापेक्षा त्यांच्या कड्या जास्त सारख्या असतात. ज्याला गाड्या चालवायला आवडतात त्याने तयार डबे घ्यावेत आणि मजेत चालवावेत. ज्याला नुसतं जमवायला आवडतं, आणि जो तसं मोकळेपणाने म्हणतो, त्याच्याशीही माझं भांडण नाही. तिकिटं जमवणारा काही पत्रं पाठवत नाही. माझा आक्षेप 'मी जोडणार आहे' असं वीस वर्षं म्हणत राहण्याला आहे. त्यात नुकसान इतकंच की ती वीस वर्षं परत येत नाहीत.

थ्री-डी प्रिंटिंगचं काय, असंही कुणी विचारेल. आता संगणकावर डबा रेखाटून घरच्या यंत्रावर छापता येतो, आणि ब्रेकचे बारीक भाग तर साच्यापेक्षा सुबक निघतात. रेझिनच्या किटचे दिवस भरले असं काही जण हळहळून म्हणतात. मला हळहळ वाटत नाही. तरुण मुलं यामुळे या छंदात येतायत आणि तीच उद्याचे कारागीर आहेत. फक्त तिथेही तेच बघतोय. डब्यांच्या फाइली उतरवून ठेवायच्या, 'कधीतरी छापू' म्हणून. खोक्याच्या जागी फोल्डर आला, बाकी सगळं तेच.

मग करायचं काय? मी स्वतःपुरते तीन नियम केलेत. एक, न जोडलेले किट तीनपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. चौथा मोहात पाडू लागला की आधी एक पुरा करायचा किंवा कुणाला तरी देऊन टाकायचा. दोन, द्यायचा तर कपाट भरलेल्या माणसाला नाही, पहिला किट जोडू पाहणाऱ्याला, आणि त्याच्याबरोबर एक संध्याकाळ बसून पहिल्या चार कड्या बसवून द्यायच्या. तीन, डबा पुरा झाला की कुठल्या फोटोवरून केला, काय बदललं, कुठे अडलं हे एका कागदावर लिहून डब्याबरोबर ठेवायचं. उद्या माझ्यामागे कुणी शेल्फ आवरायला आलं तर त्याला वाचायला काहीतरी मिळेल. सध्या माझ्याकडे बरोबर तीन खोकी आहेत आणि त्यातलं एक टेबलावर उघडं आहे.

आता शेवटचं, आणि हे खास आपल्या माणसांसाठी. इतकं अमेरिकेच्या डब्यांचं कौतुक करतोस, आपल्याकडच्यांचं काय, असं मामांनी फोनवर विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. आपल्या ब्रॉडगेजची एक अडचण आहे. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, आणि एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. ते जगातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बेतलेले. त्यावर आपली गाडी बरोबर बसवायची तर डबा साधारण एकशेएकाव्या हिश्शाचा करावा लागतो, आणि मग बाजारातलं इतर काही मापाला जुळत नाही.

पण आपल्या बार्शी लाइटचं गणित सोपं आहे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरची ही रेल्वे, कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ साली सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपने सगळं एका आकड्याभोवती बसवलं: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. रूळ हलके, पण डबे बोग्यांवरचे आणि दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याचे, पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद. छोट्या रेल्वेतही भरपूर माल कसा न्यावा याचा तो धडाच होता. हा डबा एचओ मापात पावणेनऊ सेंटीमीटरचा होतो, आणि त्याचं गेज बाजारात सहज मिळणाऱ्या नऊ मिलिमीटरच्या रुळांशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. जणू आपल्यासाठीच कुणी ठरवून ठेवलंय.

आता ती सगळी लाइन ब्रॉडगेज झाली आहे. पंढरीच्या वारकऱ्यांना नेणारी गाडी आठवणारे लोक आपल्या घरांत अजून आहेत. तिच्या मागे लागणाऱ्या मालडब्यांचं कुणाच्या लक्षात असेल? शेंगा, कापूस, ज्वारीची पोती घेऊन जाणाऱ्या त्या वाघिणी. टेबलावरचा डबा पुरा झाला की पुढचा नमुना मी स्वतः करणार आहे, बार्शी लाइटच्या बंद मालडब्याचा. साचा जमला तर दहा-बारा नग काढीन आणि जो जोडेल त्यालाच देईन, ही अट आधीच सांगून ठेवतो :-)

तर मंडळी, एक काम करा. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या भागात ज्यांचं बालपण गेलं, किंवा ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत, त्यांनी जरा शोधा. स्टेशनवर काढलेला एखादा कृष्णधवल फोटो असेल. पुढे काका-काकू, टोपीतली मुलं, वळकटी आणि ट्रंक असेल. तो स्कॅन करून पाठवा. काका-काकूंना मी ओळखतो, मला त्यांच्या मागे उभा असलेला डबा हवा आहे.